आधी पाय

ड्यूटीवर आल्या की जगताप सिस्टर आधी मॉनिटरकडे बघायच्याच नाहीत. प्रत्येक पेशंटच्या पायथ्याशी जायच्या, चादर सारायच्या आणि दोन्ही पावलं हातात धरायच्या. पाय गार पडत चालले की पेशंट खालावतोय, हे त्या तिथूनच ओळखायच्या. हडपसरच्या आमच्या आयसीयूत नव्याने आलेल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र वाटायचं, सिस्टर पाया पडताहेत. एका आजोबांनी तर ऑक्सिजनच्या मास्कमधूनच "अखंड सौभाग्यवती भव" म्हणून टाकलं. सिस्टरांनी लग्नच केलेलं नव्हतं. मला म्हणाल्या, "आशीर्वाद दिला म्हंजे शुद्धीवर हायेत. लिहून ठेव."

त्या आमच्या इन्चार्ज. मला त्यांची भीती वाटायची आणि आयसीयूची त्याहून जास्त. अलार्म वाजला की माझी नजर आधी दाराकडे जायची. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, पुढे शिकायचं, एवढं नक्की होतं. शाखा ठरत नव्हती. क्रिटिकल केअर की मिडवायफरी? मनातून मी बाळंतपणांकडे झुकले होते. तिथे शेवट बहुतेक गोड होतो, अशी माझी समजूत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत भीतभीतच त्यांना विचारलं.

"तिकडं काय पेढे वाटायला चाललीस?" भाकरी मोडत त्या म्हणाल्या. "एका टायमाला दोन जीव हातात असत्यात तिथं. आवड असंल तर खुशाल जा. पळून जायचं म्हणून जाऊ नको."

"तुम्हाला नाही का भीती वाटत?"

"कामात कुठला येळ?"

मला ते खरं वाटलं. ही शाखा अशा बिनघोर माणसांचीच, असं म्हणून मी मिडवायफरी पक्की केली.

हे त्यांना सांगायचं धाडस होण्याआधीच लोणी काळभोरहून त्यांचा भाऊ त्यांना घेऊन आला. साधा ताप म्हणून अंगावर काढलेला संसर्ग रक्तात पसरला होता. आमच्याच आयसीयूत, खिडकीजवळच्या बेडवर त्यांना घेतलं. सकाळी मी ड्यूटीवर आले आणि नकळत त्यांच्या पायथ्याशी गेले. पावलं गार होती.

"कुठवर आलंय?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"घोट्यापर्यंत."

"नीट बघ."

गारवा गुडघ्यापर्यंत चढला होता. मी ते सांगितलं, डॉक्टरांना हाक मारली. तेवढ्यात अलार्म वाजायला लागला. डॉक्टर धावत आले, सलाईन, इंजेक्शनं सुरू झाली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बाजूला व्हावं म्हणून मी त्यांच्या पायांवरचा हात काढायला लागले, तर सिस्टर पुटपुटल्या, "हात काढू नको, पोरी. लई भ्या वाटतंय."

मी हात काढला नाही. दुपारी त्या गेल्या.

मी क्रिटिकल केअर घेतलं. अलार्म वाजला की नजर अजून दाराकडे जाते. तरी ड्यूटीवर आल्यावर आधी पायांकडे जाते, आणि कुणी आशीर्वाद दिला तर लिहून ठेवते.