गावात बाई एकच

माझं माहेर जुन्या जालन्यातलं, कापड दुकानांच्या गल्लीतलं. नोकरी लागली ती मात्र वडीगोद्रीपासून आत, जीप सोडल्यावर तासभर चालावं लागे अशा गावात. ऐंशीनंतरची ती वर्षं. शाळेत शिकवणारे आम्ही दोघंच. मुख्याध्यापकांना सगळे गुरुजी म्हणत आणि मला बाई. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असे. भाषेच्या बाबतीत तर मी कुणाचंच ऐकत नसे. "न्हाई" म्हणणाऱ्या पोराला मी तीनदा "नाही" म्हणायला लावी, आणि पोरं बिचारी शाळेच्या फाटकाबाहेर पडली की पुन्हा "न्हाई" म्हणून मोकळी होत.

पण माझं खरं वैर होतं ते 'बाई' याच शब्दाशी. ओढ्यापलीकडं मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती होती. बापजाद्यांपासून फिरस्ती केलेली ती माणसं आता थोडी शेती करून तिथंच स्थिरावली होती. त्यांच्यात आईला बाई म्हणायची रीत. पोरं 'माझी आई' या निबंधात लिहीत, "माझी बाई भाकरी करती. माझी बाई मला मारती." मी ते गुरुजींना वाचून दाखवी आणि आम्ही पोट धरून हसत असू. मग लाल पेनानं प्रत्येक बाई खोडून वर आई लिही. वर्गात सांगे, "बाई शाळेत असते. घरात असते ती आई. चुकाल तर छडी बसेल." छडी बसतही असे. नाही कशाला म्हणू.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शेजारच्या शिवारात गवत कापायला गेलेली एक बाई भर दुपारी मारली गेली. गळा आवळला होता, अंगावरचा दागिना मात्र तसाच होता. घरातलंच काही असेल, असं लोक म्हणाले. वेचणीच्या दिवसांत आमच्याच गावची एक विधवा कापसाच्या रानात तशीच सापडली. पुन्हा दुपारची वेळ, पुन्हा एकटी, पुन्हा दागिन्याला हात नाही. त्यानंतर मात्र घरातलं काही असेल असं कुणी म्हणालं नाही. बाया तिघी-चौघी मिळून रानात जाऊ लागल्या.

आणि मग ते पत्र आलं. निळं आंतरदेशीय, सरपंचांच्या नावानं, शिक्का जुन्या जालन्याचा. गावातली निम्मी पत्रं मीच वाचून दाखवत असे, म्हणून सरपंच ते घेऊन शाळेतच आले. मी मोठ्यानं वाचायला लागले. चारच ओळी होत्या. "दोन झाल्या. आता बाईची बारी. लई शानी समजती सोताला. दुपारच्यालाच. वाचवून दाखवा."

सरपंचांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "बाई, घाबरू नका. पन हे तुमच्याबद्दलच हाय बराबर."

'लई शानी' म्हटल्यावर साऱ्या गावाला मीच आठवले. याचं आज हसू येतं आणि हसू आल्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून फौजदार आले. वयस्क, सावकाश बोलणारे. पत्र त्यांनी दोनदा उलटसुलट करून पाहिलं. मी चौथीच्या वर्गावर होते, ते तिथंच खुर्ची मागवून बसले. जालन्यात कुणाशी भांडण आहे का, लग्नाला नकार दिलेलं कुणी आहे का, असं सगळं विचारून झाल्यावर वहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "गावात आनखी कुनाला बाई म्हनतात का?"

मी म्हणाले, "गावात बाई एकच. मी."

हे मी घाबरून बोलले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी ते तोऱ्यात बोलले. नेमक्या त्याच वेळी खिडकीपाशी एक हात वर झाल्यासारखा दिसला. पाणी प्यायला जायचं असेल असं समजून मी डोळे वटारले. हात खाली गेला. फौजदारांनी वही मिटली.

माझ्यासाठी दोन शिपाई ठेवले. एक शाळेच्या दारात, एक माझ्या खोलीच्या ओट्यावर. वस्तीवरच्या, गावातल्या, सगळ्या बाया येऊन मला धीर देऊन गेल्या. सरपंचांच्या घरून रोज भाकरी आणि वांग्याचं भरीत येई. ज्या लोकांनी मला 'आगलावी मास्तरीण' म्हणून नाव ठेवलं होतं, ते आता माझ्या मागं मागं विहिरीपर्यंत सोबतीला येत. भीती होतीच. दुपारी पान हललं तरी मी दार लावून घेई. पण खरं सांगायचं तर त्या भीतीला एक गोडी होती. आयुष्यात पहिल्यांदा सारं गाव माझ्याकडं बघत होतं.

पाचव्या दिवशी मी 'माझी आई'च्या वह्या तपासायला घेतल्या. मन रमावं म्हणून. त्यात वस्तीवरच्या एका मुलीची वही होती. खिडकीपाशी बसणारी, अबोल पोरगी. अक्षर तिचं सुबक, पण हट्टानं चुका करणारी. तिनं लिहिलं होतं, "आमच्या घरी पन बाई आहे. सगळी वस्ती तिला बाई म्हनती. ती सगळ्यात मोठी सून आहे. ती कुनालाच भीत नाही. आमची बाई दुपारी एकटीच मेंढ्या पान्यावर नेती."

'दुपारी' या शब्दाशी पेन थांबलं.

पेन थांबलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गुरुजींना नाही, नवऱ्याला नाही. मला सगळं कळलं होतं. ती आई मी पाहिली होती. उंच, रुंद हाडाची, मेंढ्यांच्या लोकरीवरून व्यापाऱ्याशी भांडताना साऱ्या बाजाराला आवाज जाईल अशी. शानी म्हणावी तर तीच खरी शहाणी. ओट्यावर शिपाई चहा पीत बसला होता. दहा पावलं चालून त्याला इतकंच सांगायचं होतं, की पलीकडं आणखी एक बाई आहे.

मी उठले नाही. मनात आलं, सांगितलं तर दोघांतला एक जण तिकडं जाईल. कदाचित दोघंही जातील. आणि ती नसेल, मीच असेन, तर? मग मी स्वतःला पढवलं, की आईला कुणी पत्रात बाई लिहीत नाही. बाई म्हणजे शिक्षिकाच, घरातली ती आई. माझाच नियम माझ्या सोयीला आला. म्हणाले, उद्या बघू. आणि हाताला सवय होती म्हणून तिन्ही बाई खोडून वर आई लिहिलं. 'पान्यावर'चा न काट मारून ण केला. 'नेती'चं 'नेते' केलं. खाली दहापैकी सहा मार्क दिले.

उद्या मी सांगितलं नाही. परवाही नाही. आठव्या दिवशी दुपारी ओढ्याच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. शाळेच्या दारातला शिपाई आधी माझ्याकडं धावला. मी जागच्या जागी धडधाकट आहे हे बघून तो बुचकळ्यात पडला.

ती पाण्याच्या डबक्याशी सापडली. मेंढ्या तिच्याभोवतीच उभ्या होत्या, पाणी न पिता. वस्तीवरून एकच हाक चालली होती, बाई गं, बाई गं. ती हाक ऐकून गावातल्या चार बाया माझ्याच खोलीकडं पळत आल्या.

फौजदार पुन्हा आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला बी बाई म्हनत व्हते, बाई." तक्रारीचा सूर नव्हता. माहिती दिल्यासारखं म्हणाले. मी पदर तोंडाला लावला आणि "मला कल्पना नव्हती" असं म्हणाले. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. तिला बाई म्हणतात हे माहीत असणारा कुणी तरी तो असणार, म्हणून लोकरीचे व्यापारी, खाटीक, वडीगोद्रीच्या हमरस्त्यावरचे दुकानदार, सगळ्यांना बोलावून विचारलं. काही निघालं नाही. नंतर पत्र आलं नाही, तसं मरणही घडलं नाही. तो कोण होता ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

पोरीचं नाव शाळेतून काढलं. मेंढ्यांमागं जायला घरात बाईमाणूस उरलं नव्हतं. तिची वही माझ्याकडंच राहिली. पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, ट्रंका बदलल्या, वही प्रत्येक ट्रंकेत तळाशी जात राहिली. मी बाई शब्द खोडायचा बंद केला. एका शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल मला बोल लावला. मी ऐकून घेतला. पण हे असलं प्रायश्चित्त फार स्वस्तातलं, हे मलाही कळत होतं.

मुदतीआधीच निवृत्ती घेऊन मी जुन्या जालन्यात राहायला आले. एकदा गल्लीतल्या दुकानात साडीला फॉल घ्यायला उभी होते. मागून एक लेकरू ओरडलं, "बाई, चल ना गं." मी वळले. माझ्या शेजारी उभी असलेली, शाळेच्या गणवेशाचं कापड बघणारी एक बाईही वळली. उंच, रुंद हाडाची. आईचाच साचा. तिनं मला लगेच ओळखलं आणि भर दुकानात वाकून पाया पडली.

आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. लेकरू तिच्या मांडीत. ती म्हणाली, "हे मलाच म्हनतंय, बाई. म्या आई म्हनायला न्हाई शिकवलं."

मग म्हणाली, "तुमची एकदा माफी मागायची व्हती. तवा फौजदार आल्ते न, त्यायनं इचारलं तर म्या हात वर केल्ता. आमच्या घरी बी बाई हाय, असं सांगायचं व्हतं. पन तुम्ही पाह्यलं, मंग भ्याले. घरातली बाई म्हंजी बाई न्हाई, असं तुम्हीच शिकवल्तं. मला वाटलं छडी बसंल."



"मंग म्या वहीत लिव्हलं," ती म्हणाली. "मुद्दाम. तुम्ही वाचून फौजदाराला सांगताल म्हनून. पन वह्या तपासायच्या आधीच ते झालं. मी सोताला लई शिव्या दिल्या बाई. वही तुमच्या हातात न्हेऊन द्यायला पायजे व्हती. दहा वर्सांची व्हते, पन एवढी अक्कल पायजे व्हती."

वीस वर्षं ती हे वाहत होती. आणि माझ्यासाठी सुटकेची वाट तिनंच आयती करून ठेवली होती. मी नुसतं गप्प राहिले असते, तिच्या पाठीवरून हात फिरवून "तुझा काही दोष नाही गं" म्हटलं असतं, तरी भागलं असतं. तेवढं म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"वही मी वाचली होती," मी म्हणाले. "आधीच. तीन दिवस आधी."

 लेकरानं तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं, ते तिनं काढून घेतलं.

"दुपारी मेंढ्या पान्यावर नेती, हे बी?"

"हो. ते वाचूनच पेन थांबलं होतं."

"मंग?"

"मग शुद्धलेखन तपासलं. दहापैकी सहा मार्क दिले. वही माझ्याकडं आहे. पाहिजे असेल तर घेऊन जा."

तिनं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. गणवेशाच्या कापडाचं पुडकं उचललं, लेकरू कडेवर घेतलं, पायरी उतरली. त्या गावातलं माणूस माझा निरोप घेताना नेहमी "येतो बाई", "येते बाई" असंच म्हणत आलं होतं. ती "येते" म्हणाली. पुढचा शब्द ऐकायला मी उगाच थांबले.