खंडेनवमीला धुतलेल्या नळ्या

"बसलं बघा!" असं म्हणून ते काचेची नळी खिडकीकडे धरायचे आणि नखाने तिच्यावर टिचकी मारायचे. समोर कोण आहे, त्याला रस आहे की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. एकदा गॅस सिलिंडर आणणाऱ्यालाही त्यांनी नळी दाखवली. तो बिचारा "हो साहेब, बसलं," म्हणून सटकला.

महाडच्या आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. दोन्ही प्रयोगशाळांच्या मध्ये एक दार, आणि ते बंद ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांचं गाव पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याशी, तिथून रोज येत. घाटात दरड कोसळली तरी ती त्यांच्या गावाच्या पलीकडे, त्यामुळे उशिराला ती सबब त्यांना कधी मिळाली नाही. नेमणूक तासिकेवरची. म्हणजे दर जूनला नव्याने हात जोडायचे. असे सर तुम्हीही पाहिले असतील, गावोगाव आहेत.

तर त्या नळ्यांत होतं यीस्ट, बेकरीत पावाला घालतात तेच. त्याची एकेक पेशी सुटी जगते. सर रोज नळी हलवायचे, थोडा वेळ उभी ठेवायचे आणि जे लवकर तळाला बसेल तेवढंच पुढच्या नळीत घ्यायचे. बाकीचं फेकून द्यायचं. महिनोन् महिने हाच उद्योग. शेवटी त्या सुट्या पेशी विभागल्यावरही एकमेकींना सोडीनात, त्यांचे झुबके झाले. ते मला सूक्ष्मदर्शकातून दाखवताना माणूस अक्षरशः हरखला होता. "एकटीची दुकटी झाली, मॅडम! गुंतागुंत अशी सुरू होते. घाई नाय करायची, पिढ्या जाऊ द्यायच्या."

स्टाफरूममध्ये गणिताचे सर मात्र ऐकून घेणारे नव्हते. "गुठळी झाली म्हणजे हत्ती झाला का हो? निवडता तुम्ही, टाकता तुम्ही. यात निसर्ग कुठे आला?"

"निवडतो मी, बरोबर हाय," सर म्हणायचे. "पण बदलतं कोण? तो बदल मी नाय करत."

"मग निवडणं बंद करा. तरी झुबके टिकले, तर भर सभेत मान्य करीन. सुटले, तर तुम्ही मान्य करायचं."

आक्षेप चांगला होता, हे गणिताच्या सरांच्या बाबतीत मला नाइलाजाने म्हणावं लागतं. आमचे सर तर खूशच झाले. त्यांनी वेगळ्या नळ्या लावल्या, त्यांत निवड बंद केली आणि पिढ्या जाऊ दिल्या. दसऱ्यानंतर परिसंवाद ठरला. प्राचार्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "प्रयोग सिद्ध झाला तर तुमच्या कायम नेमणुकीचं बघू." दोन मुलींच्या बापाला आणखी काय हवं असतं?

नवरात्रात घरी घट बसलेले, म्हणून ते दोन दिवस रजा घेऊन गावीच राहिले. इकडे आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी कोयत्यापासून एसटीपर्यंत सगळं धुऊन पुजतात, आमच्याकडे प्रयोगशाळाही. सर परत आले तेव्हा टेबलावरच्या लाकडी स्टँडमध्ये नळ्या लखलखत होत्या, प्रत्येकीला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. प्रयोगशाळेचे शिपाईमामा कौतुकाने म्हणाले, "तुमच्या नळ्या पयल्या घेतल्या सर, सोड्याच्या गरम पाण्यात. लय घाण वास येत व्हता."

सरांनी एक रिकामी नळी उचलली. ती हातात फिरवून पाहिली. मग मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चांगल्या निघाल्या हो." मला मात्र असा संताप आला की मी दार आपटून बाहेर गेले.

परिसंवादाआधी मी त्यांना परोपरीने विनवलं. "अहो, झुबके टिकलेले तुम्ही पाहिलेत ना? सांगा तसं!"

"मी पाहिलं म्हणजे लोकांना दाखवलं नाय, मॅडम. शेवटची तपासणी राहिली होती."

सभेत गणिताच्या सरांनी विचारलं, "पुरावा?" सर उभे राहिले. म्हणाले, "जगात इतरांनी हे करून दाखवलंय, ते वाचा. उत्क्रांतीबद्दल मला शंका नाय. पण माझ्या नळीत काय झालं, हे आज मी सिद्ध करू शकत नाय."

लोकांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. टाळ्या काय, सरांना शाल-श्रीफळ काय! दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागलं : 'महाडच्या प्राध्यापकांची कबुली, उत्क्रांती सिद्ध होत नाही.' खाली हात जोडलेली चित्रं. सर प्रत्येकाला लांबलचक उत्तर लिहीत बसले. एकानेही वाचलं नाही.

जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही. "ज्यांचा स्वतःच्याच विषयावर विश्वास नाही..." प्राचार्य माझ्या तोंडावर म्हणाले. शाल पांघरवताना हेच प्राचार्य पुढे होते! पुढे सर दासगावला शिकवण्या घेत होते, असं कानावर आलं. आणि मागच्या थंडीत गेलेच. छातीत दुखलं, मुंबईला नेईपर्यंत आटोपलं.

कॉलेजने शोकसभा ठेवली. थोरली मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. प्राचार्य म्हणाले, "याच व्यासपीठावरून त्यांनी उत्क्रांतीचा फोलपणा मान्य केला. केवढं मोठं मन!"

मुलगी मागे वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा असं म्हणाले होते?"

"नाही गो," मी म्हटलं, आणि उठून तेच मोठ्याने सांगू लागले, "सर असं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते..."

"मॅडम, आजच्या दिवशी वाद नको," प्राचार्य हात जोडून म्हणाले. "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उभे राहिले. गणिताचे सर मान खाली घालून उभे होते. मी खाली बसले. थोड्या वेळाने ती मुलगीही बसली.