बावीस इंची फ्रेम

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर चुकीच्या मापाची सायकल चालवली.

आज त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. वसमतचं जुनं माणूस भेटलं की अजून तेच बोलतं. उंच गडी, बुटकी सायकल, गुडघे दोन्हीकडे फाकलेले.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात ती घेतली. मी आठ वर्षांची होते. दादांबरोबर दुकानात होते.

उस्मानचाचा सायकलमिस्त्री. त्यांच्या भिंतीवर दोन फ्रेम टांगलेल्या.
एक चोवीस इंची, बारीक नळीची, हलकी.
दुसरी बावीस इंची. जाड पोलाद. रुंद टायर मावेल, मागे कॅरिअर बसेल.

घरात एकच सायकल येणार होती. तिने दादांना रोज कापसाच्या जिनिंगवर मुनीमकीला न्यायचं, आणि वेळ पडली तर डोंगरकड्यापर्यंत टिकायचं.

डोंगरकडा म्हणजे आईचं माहेर. तिथे तिची आई अंथरुणाला खिळलेली. दीड वर्ष भेट नव्हती.

"मुनीमजी, ही चोवीसवाली तुमच्यासाठीच टांगली," चाचा म्हणाले. "बावीसवर बसलात तर बेडकासारखे दिसाल."

दादांनी खिशातून एक सुतळी काढली. तिला एका जागी गाठ मारलेली.
"हे माप धरा."

चाचांनी सुतळी दादांच्या कमरेला लावून पाहिली. गाठ घोट्याच्या बरीच वर आली.
"ही तुमची टांग न्हाई. कुणाची हाय?"
"घरच्यांची."

चाचांनी सुतळी परत दिली. बावीस इंची खाली उतरवली.
"सीट एकदम खाली बसवतो," एवढंच म्हणाले.

आई जिनिंगच्या आवारात दादांकडून सायकल शिकली. हंगाम संपला होता, कापसाचे ढीग उठले होते. नऊवारीचा कासोटा घट्ट खोवायची आणि डंड्यावरून सरळ पाय टाकायची. डंडा तिला कधी आडवा आला नाही.

"समोर बघ. चाकाकडं काहून बघून राहिलीस?"
"फिरतंय का ते बघून राहिले."

महिन्याभरात ती आवाराला न थांबता दहा फेऱ्या मारू लागली.
एका संध्याकाळी उतरली आणि म्हणाली, "आता मी जाते."

दादांनी सायकल तिच्या हातातून घेतली.
"दिवस बरे न्हाईत, वाटंवर दंगेधोपे हायेत. एकटी नको. सुट्टी मिळाली की मी दुसरी सायकल मागून आणतो. दोघं जाऊ."
"कवा?"
"पोळा होऊ दे."

आई रोज सायकल पुसायची. कॅरिअरला बांधायचं गाठोडंही करून ठेवलं होतं. आजीसाठी एक मऊ लुगडं, थोडी खारीक.

पोळ्याच्या आधीच डोंगरकड्याहून माणूस आला. चालत आला होता. आईने त्याला आधी पाणी दिलं. तो पाणी प्याला आणि मान खाली घालून उभा राहिला.

आईने गाठोडं सोडलं. लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.

त्यानंतर ती सायकलवर बसली नाही.
दादांना एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

उस्मानचाचा भेटतील तेव्हा म्हणायचे, "मुनीमजी, फ्रेम बदलून देतो. निदान सीट तरी वर करू द्या. किती तकलीफ."
दादा म्हणायचे, "राहू द्या."

सीट कधीच वर झाली नाही.
रोज सकाळी ते तसेच निघायचे, गुडघे फाकवून. पोरं हसायची. मीही एकदा हसले होते.

दादांच्या तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आईने मला सायकल अंगणात काढायला सांगितली. आई तेव्हा सत्तरीला टेकली होती.
कासोटा खोवला. डंड्यावरून पाय टाकला.
दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या.

मी मागून कॅरिअर धरलं.
"धरू नको," ती म्हणाली. "पडत न्हाई मी."

तोंड फाटकाकडे करून ती बराच वेळ तशीच उभी होती. मग उतरली.

आता आईही नाही.

दादा, तुम्हाला नमस्कार.
माप बराबर होतं.