मिलिता बेटावरचा शेक

सुप्याचा शांतवन गायकवाड तोंडाचा फाटका, पण गळ्याचा राजा. तीस वर्षं एमआयडीसीत फिटर होता. आता चार खोल्या भाड्यानं देतो, आणि त्या कुणाला द्यायच्या याचे त्याचे नियम लई कडक. पण पारनेरपासून बेलापूरपर्यंतची ख्रिस्ती मंडळी त्याला ओळखतात ती कीर्तनकार म्हणून. गाजलेलं आख्यान एकच. संत पौलाचं गलबत फुटतं, माणसं गारठून मिलिता बेटाला लागतात, आणि बेटकरी धावत येऊन शेकोटी पेटवतात. तिथं शांतवन चिपळ्या थांबवायचा, सगळ्यांवर नजर फिरवायचा आणि गरजायचा, "आधी शेक दिला, मंग नाव इचारलं! हाय का तुमच्यात अशी दानत?" बायाबापड्या डोळ्याला पदर लावायच्या.

मिलिता म्हणजे आताचं माल्टा. धाकटी लेक एंजल तिथं वृद्धाश्रमात नर्स आहे. जुन्या तटबंदीच्या शहरात उन्हाळी महोत्सव भरतो, त्यात यंदा पौलाच्या गलबताचंच नाटक होणार म्हटल्यावर तिनं बापाला बोलावून घेतलं. निघताना चर्चच्या मंडळींनी बजावलं, "बेट बघून या, अन् सुगीला चर्चमधल्या हंगामाच्या सणाला कीर्तनात तिथं बघितलेलं सांगा." शांतवननं छाती ठोकून शब्द दिला.

सहा वाजले तरी ऊन भाजत होतं. सगळं शहर ज्वारीच्या भाकरीच्या रंगाच्या दगडाचं. गल्ल्या अशा अरुंद की दोन बैल समोरासमोर आले तर एकाला माघारी न्यावं लागेल. वर पताका, कोपऱ्याकोपऱ्यावर बँड. शांतवन फेटा बांधून, पिशवीत चिपळ्या घेऊन, जावयाच्या थाटात निघालेला. एंजल ड्युटीवरून तशीच आलेली, निळ्या गणवेशात.

चौकाच्या तोंडाशी दोरी होती आणि दोरीशी एक धिप्पाड पहारेकरी. त्यानं गणवेश पाहिला आणि अंगठा मागं दाखवला.

"काय म्हंतो?"

"कामगारांनी मागच्या बाजूनं जा म्हणतो."

"त्याला तिकिटं दाव की!"

एंजलनं मोबाईलवरची पुढच्या रांगेची तिकिटं दाखवली. गड्यानं मोबाईल पाहिला, तिचं तोंड पाहिलं, पुन्हा मोबाईल पाहिला. तपासून सांगतो म्हणाला आणि दोघांना बाजूच्या बोळात उभं केलं. त्यांच्यामागनं आलेलं गोरं जोडपं काही न दाखवता आत गेलं. एक लालबुंद म्हातारी शांतवनच्या फेट्याकडे बघून नवऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि दोघं खिदळली.

"हसती व्हय गं भवाने!" शांतवन कडाडला. "तुमच्या बापजाद्यांची कीर्ती मी चाळीस वर्षं गातोय, अन् मला बोळात उभं करता?"

"अप्पा, ओरडू नका. मला इथं राहायचंय."

"अशा ठिकाणी? कशाला?"

तिनं मोबाईलवरची तिकिटं पुन्हा उघडून हातात धरली. तिचं हे निमूट उभं राहणं त्याला दोरीपेक्षा जास्त झोंबलं. ही तीच पोर, जी शाळेत हेडमास्तरला भिडली होती.

चौकात ढोल वाजले. लाकडी गलबत डोलायला लागलं. शांतवनला दिसली ती फक्त डोलकाठी. तो चिडून मागं टेकला तर पाठीला एक हिरवं दार लागलं. दारावर कागद चिकटवलेला.

"हे काय लिव्हलंय?"

"काही नाही. खोली भाड्यानं आहे."

"मंग घे की! चौघी एका खोलीत दाटीनं राहता."

"आपल्याला नाही मिळणार. परदेशी कामगारांना देणार नाही, असं लिहिलंय."

शांतवननं त्या दाराला लाथ घातली. "कोन हाय रं हा हरामखोर? भाईर ये! पोरी काय फुकट मागत्यात का?"

"अप्पा." एंजलचा आवाज एकदम सुप्याचा झाला. "त्याला शिव्या घालू नका. तुमी आपल्या फाटकावर काय लिहिलंय? ‘परप्रांतीयांना खोली मिळणार नाही.’ ते बिहारचं नवरा-बायको भर पावसात आलं हुतं, तुमी कुलूपसुद्धा काढलं न्हाई. त्या रविवारी बेलापूरला हेच आख्यान सांगितलं तुमी."

पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. बेटकऱ्यांनी शेकोटी पेटवली असणार. भिंतीवर तांबूस उजेड हलला. एवढ्या उन्हात शेकोटी! पिशवीत हात घालून शांतवननं चिपळ्या चाचपल्या आणि पुन्हा सोडून दिल्या. हंगामाच्या सणाला कुठलं बेट सांगायचं? हे, का फाटकाआडचं?

पहारेकरी आला. तिकिटं खरी आहेत, जा म्हणाला. शांतवन हलला नाही. त्यानं मोबाईल काढून सुप्याला बायकोला फोन लावला.

"एलिझाबेथ, फाटकावरची पाटी काढ."

"आत्ता? निजायच्या टायमाला? का वो, नाटक पाह्यलं न्हाई का?"

"काढ म्हंतो ना!"

"चार खिळे ठोकलेत तुमी, पार खांबाच्या सिमेंटात. वर म्हनला हुता, माझ्याशिवाय कुनाच्या बापाला निघायची न्हाई."

"अगं, ती पाटी असली तर माझ्या तोंडातनं आख्यान निघायचं न्हाई!"

"मंग नका सांगू," एलिझाबेथ म्हणाली. "तुमी ठोकलीय, तुमीच येऊन उचकटा."

आणि तिनं फोन ठेवला.