पेनवाला लॅपटॉप

मी तशी तिरसट बाई. दुकानदाराने "आंटीजी" म्हटलं की माझा अर्धा मूड तिथेच जातो. पण लॅपटॉप घ्यायला गेलो त्या दिवशी बिनसलं ते त्याच्यामुळे नाही, पोरीमुळे.

ती नुकतीच अकरावीत गेली होती, बायोलॉजी घेऊन. तिचे बाबा गेल्यापासून राजेंद्र नगरच्या घरात आम्ही दोघीच. तुकोगंजच्या दवाखान्यातली माझी ड्यूटी संपवून मी सहाला यायची, चहा व्हायचा आणि ती प्रॅक्टिकलची फाईल माझ्यापुढे सरकवायची. पाचवीपासून तिच्या सगळ्या आकृत्या मीच काढत आले. बेडूक, जास्वंद, हृदयाचे कप्पे. मॅडमना कळत नसेल असं थोडंच आहे? निम्म्या वर्गाच्या फाइली आयांच्याच हातच्या असतात. मी पेन्सिल चालवायची आणि ती समोर बसून शाळेतली सगळी बडबड करायची. कामाचं सोडून दिवसभरात माझ्याशी कुणी बोलायचं ते तेवढंच.

तर दुकानदार म्हणाला, "आंटीजी, इसको पूरा पलटा दो, कॉपी बन जाती है. बच्चे सारे नोट्स इसी पे बनाते हैं." पोरीने स्क्रीन मागे दुमडून वहीसारखी सपाट केली, पेन उचललं आणि फुलाचा उभा छेद काढला. वाकडी रेघ मशीनने आपोआप सरळ केली.

"आई, बघ न! आता तुला बसावं नाही लागणार."

मी तिच्या हातातून पेन काढून ठेवलं.

"काही नको," मी म्हणाले. "ती बिजागरी बघ, दोन महिन्यांत हातात येईल. साधा घे." बिजागरीला काही होणार नव्हतं, ते मलाही दिसत होतं. दुकानदार समजावत राहिला, मी ऐकलंच नाही.

"ठीक आहे, तू म्हणते तर," पोर म्हणाली. साधा लॅपटॉप घेऊन आम्ही रिक्षात बसलो. सांगायला लाज वाटते, पण मी मनातून खूश होते.

पंधरा दिवस गेले असतील. तिच्या वर्गातल्या मुली पेननेच नोट्स काढायच्या आणि शाळेत आकृत्यांची प्रिंट चालायला लागली होती. स्नेहलतागंजमधल्या एका मैत्रिणीकडे तसला दुमडणारा लॅपटॉप होता. मग ही कोचिंगमधून थेट तिकडेच जायला लागली. परतायची साडेआठला, मैत्रिणीच्या आईच्या हातचं जेवून. तोवर मी टीव्हीसमोर बसून असायची. काय लागलंय विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शेवटी एका रविवारी मी बोलूनच टाकलं. "बिजागरी चांगली होती ग. मला आकृत्या सोडायच्या नव्हत्या. तू समोर बसायला हवी होतीस, बस. चल, आज तोच घेऊन येऊ."

ती वेणी घालत होती. हात थांबले, माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"राहू दे न आई," ती म्हणाली. "आता मला तिथेच बरं वाटतं."