टेकाडावरच्या गोठ्यातली कालवड

दादा गेल्यावर वहिनीकडे काय उरलं, तर एक गोठा आणि एक तोंड, असं आमच्या शेजारचा लोहार म्हणायचा. गोठा घराला चिकटूनच. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर गाईंची तोंडं. आणि वहिनीचं तोंड कसं, तर एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "आज दूध पातळ वाटतंय," की ती शांतपणे म्हणायची, "बरं, सांगते हं गाईला. तुमचं नाव सांगू का नको?"

मी तिचा दीर. ती आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे भावजी-बिवजी काही नाही. तेव्हा ती मला बाळ्या म्हणायची आणि आता माझे केस पिकले तरी बाळ्याच म्हणते. मी टेम्पो चालवतो. सिमेंट, भाजी, कुणाचं घरसामान, मिळेल ते वाहतो. वहिनीला जनावर आणायचं असलं की जनावर.

दादा होता तोवर खरेदीला तोच जायचा. तो गेला, गोठ्यातल्या दोन गाई म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा वहिनीने ठरवलं की दुधाची तयार गाय घ्यायची नाही, चांगल्या आईच्या पोटची गाभण कालवड घ्यायची. "दूध काय, आज आहे उद्या नाही. गोठा चालतो तो वंशावर," ती म्हणाली.

जनावरांच्या बाजारात एक व्यापारी होता. त्याला सगळे मधाचं बोट म्हणायचे, पण हे आम्हाला नंतर कळलं. त्याने एक काळीभोर, देखणी कालवड पुढे केली.

"बाई, पहिल्या वेताची, पोट राहिलंय. तुमच्या जागी माझी सख्खी बहीण असती ना, तर तिलाही हीच दिली असती."

वहिनीने दात पाहिले, चालवून पाहिलं, पाठीवर हात फिरवला. कुठे खोट काढायला जागा नव्हती. आम्ही ती घरी आणली. महिने गेले, पण पोट काही दिसेना. शेवटी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने तपासलं, हात धुतले आणि म्हणाला, "ही गाभण नाही, आणि होणारही नाही. भावाबरोबर जुळी जन्मलेली असणार. अशा कालवडी बहुतेक वांझच निघतात."

आम्ही तसेच बाजारात गेलो. मधाचं बोट हसतच सामोरा आला. "बाई, माझ्या दावणीला होती तोवर तर गाभणच होती!"

भोवतीची माणसं खो खो हसली. वहिनी म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा, थोडक्यात वाचली म्हणावं." मग लोक त्याला हसले. पण हसण्याने काय होतं? परत येताना वहिनी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. 'दादा असता तर' असं ती कधी म्हणत नसे. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "माझा हात जनावराला कळतो रे बाळ्या. माणसाला कळत नाही."

पुढच्या खेपेला दुसऱ्या एकाने गाय दिली. तिची कास टम्म भरलेली. घरी आल्यावर कळलं, त्याने दोन वेळचं दूध काढलंच नव्हतं, तुंबवून ठेवलं होतं. वहिनी चार दिवस कुणाशी बोलली नाही, गाय सोडून. गाईचा काय दोष!

मग डॉक्टरनेच सांगितलं, "त्या टेकाडावर एक जण आहे. व्यापारी नाही. स्वतःच्या गाईंच्या मोजक्या कालवडी वाढवतो आणि विकतो. विकतो म्हणजे, विकली तर. लोक त्याला नकारघंटा म्हणतात."

टेकाडाचा चढ चढताना टेम्पो दोनदा गरम झाला. वर गेलो तर दगडी भिंतीचा लांबट गोठा, पलीकडे घर आणि अंगणात वैरण कापणारा एक उंच माणूस. पन्नाशीचा असेल. त्याने आम्हाला कालवडी दाखवण्याआधीच विचारायला सुरुवात केली.

"गोठ्यात फरशी आहे की माती? धार कोण काढतं? पाणी गाईपर्यंत येतं की गाईला न्यावं लागतं?"

लेक देताना बाप करतो तशी चौकशी. वहिनीनेही न चिडता उत्तरं दिली, हेच मला नवल. मग तिने एका तांबड्या कालवडीकडे बोट दाखवलं.

"ती नाही," तो म्हणाला.

"का बरं?"

तो काही बोलायच्या आत घराच्या खिडकीतून बाईचा आवाज आला, "तांबडी देऊ नका हो त्यांना! आईवर गेलीये, लाथाडी आहे!"

ती त्याची बायको. बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली. त्याने तिची खाट खिडकीला अशी लावली होती की गोठ्याचं दार आणि अंगण तिला सगळं दिसावं. वहिनी आत जाऊन तिच्याजवळ बसली. बाहेर मी आणि नकारघंटा उभे. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. तो वैरण कापायचा थांबला. "ती अशी हसली त्याला फार दिवस झाले," एवढंच बोलला आणि पुन्हा कापायला लागला.

त्या दिवशी त्या दोघांनी मिळून वहिनीला एक करडी कालवड दिली. देण्याआधी तो म्हणाला, "हिचा एक सड बारीक आहे. वेळ लागेल. दूध कमी नाही, पण उतावळ्या हाताचं काम नाही." जे बोलला ते खरं निघालं. करडी वेळेवर व्यायली, पाडी झाली, आणि वहिनीचा गोठा उभा राहिला.

पण करडीच्या दुसऱ्या वेताला वासरू आडवं आलं. डॉक्टर बाहेरगावी होता. भर दुपारी वहिनी म्हणाली, "बाळ्या, टेकाडावर जा." मी त्याला टेम्पोत घालून आणलं. त्याने बाह्या सरसावल्या, कोपरापर्यंत साबण लावला आणि गाईमागे गुडघे टेकले. वहिनी गाईचं तोंड धरून तिच्याशी बोलत होती, तो पाठीमागून "आता कळ येऊ दे... थांब... आता," म्हणत होता, आणि मला कळेना की तो गाईला सांगतोय की वहिनीला. वासरू जिवंत निघालं. त्याने नाकातोंडातला चिकटा पुसला, पेंढ्याने अंग चोळलं. मग विहिरीवर हात धुतले आणि गोठ्यात सगळीकडे नजर फिरवली.

"उजेड छान येतो इथे," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळच. वहिनीने दुसऱ्या दिवशी भिंतींना चुना लावून घेतला.

त्यानंतर टेकाडावर जायला वहिनीला कारणं मिळत गेली. पाडी माजावर आली, कोणता वळू चांगला ते विचारायचं. ताईंसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी, मऊ उशी शिवलीये, ती द्यायची. जाताना ती धुतलेली साडी नेसायची, आणि तिथे गेल्यावर आधी ताईंचे केस विंचरायची. तो कधी आत येऊन बसत नसे. दारात उभा राहून कालवडींबद्दल बोलायचा. वहिनी ताईंच्या खाटेवर बसून उत्तर द्यायची, तो दारातून. मधल्या हवेत जे काही होतं, त्याला दोघांपैकी कुणी हात लावला नाही. ताईंना कळत असावं. एकदा त्या वहिनीला म्हणाल्या, "तुम्ही येऊन गेलात ना, की हे जेवायला नीट बसतात." वहिनी कंगवा धुवायला बाहेर निघून गेली.

मग एक दिवस तिने जाहीर केलं, अजून एक कालवड आणायची.

"अगं, गोठ्यात जागा कुठे आहे?" मी म्हणालो.

"करू की."

आणि तिने चांगली दुभती गाय विकली. जागा व्हावी म्हणून! मी घरी येऊन डोक्याला हात लावला. माझी बायको भाजी निवडत होती.

"वहिनींना कालवड नकोय," ती म्हणाली.

"मग काय हवंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही टेम्पोच चालवा," म्हणाली.

दोन वर्षांनी ताई गेल्या. वहिनी जाऊन आली, शेजारणींबरोबर बसली, रडली, आणि त्यानंतर टेकाडाचं नाव घेईना. मी एकदा सहज म्हणालो, "करडीची नात मोठी झालीये, दाखवून आणायची का?"

"आता नको," ती म्हणाली. "लोक म्हणतील वाटच बघत होती. आणि लोकांचं सोड, ताईंना काय वाटेल?"

वर्षभर तिने तसंच काढलं. मध्ये एका नव्या विक्रेत्याकडून कालवड आणली. तरुण होता, प्रामाणिक होता, जनावरही नीट निघालं. मी विचारलं, "कसा वाटला माणूस?" तर म्हणाली, "चांगला आहे. पण सगळ्याला लगेच हो म्हणतो."

मग निरोप आला तो डॉक्टरकडून. टेकाडावरचा गोठा मोडतोय. शहरात राहणारी त्याची मुलगी त्याला तिकडे घेऊन चाललीये. वहिनीने हातातली बादली ठेवली. "टेम्पो काढ," म्हणाली. साडी बदलायचीही थांबली नाही.

गोठा जवळजवळ रिकामा होता. दावणी झाडून ठेवलेल्या. तो खचला होता, दाढी वाढलेली. वहिनीला पाहून तो सरळ आतल्या बाजूला गेला आणि एक कालवड सोडून आणली. पांढुरकी, कपाळ रुंद, शांत डोळे.

"ही कुणाला दाखवलीच नाही," तो म्हणाला. "हिच्या जन्माच्या वेळी आमची ही म्हणाली होती, बाईंसाठी ठेवा."

वहिनीने कालवडीच्या मानेवरून हात फिरवला. "खोट काय आहे हिच्यात?"

"काही नाही."

"तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात."

"अशी कालवड कधी झाली नव्हती."

मी टेम्पोची फळी लावायच्या निमित्ताने लांब गेलो. पण टेकाडावर वारा नसला की शब्द लांबवर ऐकू येतात.

"इथे राहायचं नाही का?" वहिनीने विचारलं.

"मुलगी ऐकत नाही." तो म्हणाला. "आणि राहा म्हणणारं इथे कोण उरलंय?"

मी फळी हातात धरून उभाच. मनात म्हणालो, बोल वहिनी, बोल. भरल्या बाजारात बोलतेस, आता बोल. तिच्या हातात दावं होतं. तिने ते एकदा मनगटाला गुंडाळलं, एकदा सोडलं. ओठ हलल्यासारखे वाटले. मग ती म्हणाली, "शहरात जपून राहा." तो म्हणाला, "हो."

टेम्पोत चढताना कालवड अडली नाही. वहिनी माझ्या शेजारी न बसता मागे तिच्याजवळ उभी राहिली. नवीन जनावर आहे, घाबरेल, म्हणाली. उतारावर आरशात पाहिलं, तर तिने कपाळ कालवडीच्या पाठीला टेकवलं होतं. मी गाडी सावकाश घेतली.

पांढुरकी आता चार वेतांची गाय आहे. ती पहिल्यांदा व्यायली तेव्हा वहिनीने डॉक्टरकडून शहरातला नंबर मिळवला आणि माझ्या मोबाइलवरून फोन लावला. "पाडी झाली. आईच्या वळणावर गेलीये." तिकडून त्याने विचारलं, "पान्हा नीट सोडते का?" तेव्हापासून आठवड्यातून एकदा फोन असतो. तो चौथ्या मजल्यावर राहतो. खिडकीतून समोरची खिडकी दिसते, म्हणाला. एकदा त्याने विचारलं, "धार काढता काढता फोन जवळ ठेवाल का? आवाज ऐकायचाय." तिने ठेवला.

मध्यंतरी त्याचे कान गेले. मुलीने फोनवर सांगितलं, "मावशी, बाबांना फोनवरचं काही ऐकू येत नाही हो. निरोप असेल तर मला सांगा, मी लिहून दाखवते."

"निरोप कसला?" वहिनी म्हणाली. "तू फक्त त्यांच्या कानाला लाव."

आता ती मोबाइल कोनाड्यात उभा करून ठेवते आणि पांढुरकीच्या कासेला बसते. तिकडून कुणी बोलत नाही, इकडून ही बोलत नाही. नुसती बादलीत धार पडते. आधी पत्र्याचा आवाज, मग दुधात दुधाचा. बादली भरली की ती उठते, हात पदराला पुसते, मोबाइल उचलून "झालं हं" म्हणते, आणि मग थोडा वेळ तो तसाच कानाशी धरून उभी राहते.