तिसरा कौल

आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, स्वतःचं मत नाही असं कुणी म्हणालं असतं, तर त्यांनी त्याला चांद्याच्या शिवेपर्यंत पिटाळलं असतं. पण घरात मोठं काम निघालं, की ते गावदेवाला कौल लावायचे. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायचा. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार.

आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, कासारसाईचं स्थळ आलं तेव्हाही तेच. डावी पडली. आबा म्हणाले, "देवाचं ध्यान न्हाई. पुन्यांदा लाव." पुन्हा डावी. पण घर तालेवार, बैलगाडीनं सकाळी जाऊन लेकीला भेटून दुपारी परत येता येईल असं, ते आबांना सोडवेना. तिसऱ्यांदा उजवी पडली आणि त्यांनी तिथंच गूळ वाटला.

वर्षाच्या आत आक्का परत आली. नवरा मारायचा. आई तिच्या पाठीला तेल लावत होती, तेव्हा दाराआडून मी वळ पाहिले. आबा ओसरीवर बसून एकच म्हणत, "देवानंच दिलं व्हतं. माज्या हातात काय व्हतं?"

मी तेव्हा परकर-पोलक्यातली, पण तोंडाची फटकळ. म्हणाले, "देव दोनदा न्हाई म्हनला व्हता की."

आबा चिडले नाहीत. "मंग तिसऱ्यांदा इचारायची बुदी मला कुनी दिली?"

शेण भरताना मी डोकं खाजवत बसायची. बुद्धी देवाची, तर नकारही देवाचाच. मग खरा कुठला? आणि आक्कावर हातही देवानंच उचलायला लावला असेल, तर दाजींना शिव्या का द्यायच्या? शिव्या मात्र मी रोज देत होते, अगदी मनापासून.

मग सासरची माणसं तिला न्यायला आली. त्यांना ओसरीवर बसवून आबा म्हणाले, "कौल लावू." आम्ही तिघं देवळात गेलो. गुरवानं कळ्या भिजवल्या. आक्का एकदम म्हणाली, "उजवी पडली तर जाईन मी, आबा. पन परत मारलं तर बोल कुनाला लावू? देवाला का तुमाला? तेवडं आदी सांगा."

आबांनी कळ्यांपुढं हात आडवा धरला. मग गुरवाला म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि आक्काकडं न बघता, "मला लाव. ते घर मला पायजे व्हतं. देवाला न्हाई."

एवढा मार खाऊन न रडलेली आक्का ओक्साबोक्शी रडली.

पाहुण्यांना आबांनी हात जोडून रिकामं परत पाठवलं. ही बुद्धी त्यांना कुणी दिली, ते मला अजून उमगलेलं नाही. आक्का मात्र पुढं कितीतरी दिवस त्यांच्या ताटात भाकरी आपटायची. आबा मान खाली घालून ती खायचे.